पायरी कितवी ते नको, किती वेळात ते सांग

माझं माहेर नाशिकच्या पंचवटीतलं. तिथे पूर मोजायचं माप एकच, गोदावरीच्या पात्रात उभी असलेली दुतोंड्या मारुतीची मूर्ती. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे, कमरेला आहे, छातीला आहे, एवढं सांगितलं की समोरच्याला पुढचं विचारावं लागत नाही. गळ्याशी आलं की सराफबाजारातली मंडळी माल वरच्या मजल्यावर चढवायला लागतात. काठावरच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेला टेकलं की मग तो महापूर. १९६९चा पूर पाहिलेली माणसं त्यानंतरच्या प्रत्येक पुराला ‘एकोणसत्तरच्या मानाने काहीच नाही’ म्हणत आली आहेत.

लग्न करून आले ती निफाड तालुक्यात, नांदूरमध्यमेश्वरच्या जलाशयाच्या काठावर. दारात ओटा, ओट्याला सात पायऱ्या, पुढे अंगण, अंगणाच्या पुढे थोडी गाळपेराची, म्हणजे पाणी ओसरल्यावर पेरायची जमीन आणि त्यापुढे पाणी. हिवाळ्यात पक्षी बघायला लांबून लोक येतात आणि आमच्या ओट्यावर बसून ‘तुम्ही किती भाग्यवान’ म्हणतात. ऑगस्टात सहसा कोणी येत नाही.

पहिल्याच पावसाळ्यात एका सकाळी पाणी अंगणात शिरलं. सासरे, म्हणजे नाना, आत चहा घेत होते. मी धावत जाऊन सांगितलं, “नाना, पाणी दुसऱ्या पायरीला लागलं.”

“पहिल्या पायरीला कधी होतं?”

मी बघितलंच नव्हतं.

“पायरी कितवी ते नको सांगू गं. किती टायमात बुडाली ते सांग,” म्हणाले आणि उरलेला चहा बशीत ओतून घेतला.

तेवढ्यात आईचा फोन. “अगं, कशाला घाबरतेस? मारुतीच्या कमरेलाच आहे पाणी. आणि इथे तर लख्ख ऊन पडलंय.”

आमच्याकडेही ऊनच होतं. दोरीवर कपडे वाळत होते आणि दोरीखाली पाणी चढत होतं. मी शाळेत आठवीच्या मुलांना विज्ञान शिकवते, पण तळ्याकाठच्या पुराचं गणित त्या दिवशी मला येत नव्हतं. आता बऱ्यापैकी येतं. तेच इथे मांडते.

पाणी येतं कुठून

आधी उन्हाचं कोडं. निफाडात वर्षाला साधारण पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तर त्याच जिल्ह्यातल्या इगतपुरीत तीन हजारांच्या वर. सह्याद्रीचा माथा सोडून पूर्वेला यावं तसा पाऊस झपाट्याने आटत जातो. म्हणून आमच्या तळ्यात येणारं पाणी आमच्या आभाळातलं नसतंच. ते घाटमाथ्यावर आदल्या रात्री पडलेलं असतं. इथे ऊन आहे की ढग, याचा आणि पायरीवरच्या पाण्याचा काडीचाही संबंध नाही.

आता मारुतीचं कोडं. नाशिक शहरातून जाते ती गोदावरी, तिच्यावर वर गंगापूर धरण. त्या धरणातून सोडलेलं पाणी आणि धरणाच्या खाली पडलेला पाऊस मिळून शहरातल्या होळकर पुलाखालून जातात. म्हणूनच पुलाखालचा आकडा गंगापूरच्या विसर्गापेक्षा मोठा असतो. मारुतीला दिसतं ते एवढंच. पण आमच्या तळ्यात तीन नद्या येतात. सायखेड्याच्या परिसरात दारणा गोदावरीला मिळते. तिच्या मागे इगतपुरी तालुक्यातली दारणा, मुकणे, भावली ही धरणं आहेत. नांदूरमध्यमेश्वरला कादवा येऊन मिळते. तिच्या मागे दिंडोरीकडची करंजवण, पालखेड. यातलं काहीच पंचवटीत दिसत नाही.

एक सावधगिरी. ‘कडवा’ आणि ‘कादवा’ या दोन वेगळ्या नद्या आहेत. कडवा इगतपुरीकडची, ती दारणेला मिळते. कादवा दिंडोरीकडची. व्हॉट्सॲपवर ‘कडवातून विसर्ग वाढवला’ असा निरोप फिरतो तेव्हा निम्मे लोक पालखेडकडे बघत बसतात.

४ ऑगस्ट २०१९ला गंगापूरमधून कमाल ४५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं (क्युसेक म्हणजे किती, ते पुढे सांगते). मारुती पूर्ण बुडाला, शहरात हाहाकार. त्याच पुरात नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरून अडीच लाख क्युसेकपेक्षा जास्त पाणी गेलं. म्हणजे पाचातला एक हिस्सासुद्धा गंगापूरचा नव्हता. उरलेलं दारणेचं, कादवेचं, आणि मधल्या ओढ्या-नाल्यांचं. आईला मी आता सांगते, तू मारुतीचं सांग, ते हवंच आहे, पण ती आमच्या पुराची एक बाजू झाली.

क्युसेक आणि टीएमसी

हे दोन शब्द पावसाळ्यात चहाच्या टपरीवरही ऐकू येतात, पण दोन्ही एकाच गोष्टीची मापं असल्यासारखे वापरले जातात. तसं नाही. क्युसेक म्हणजे वेग: दर सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर. दोनशे लिटरचा पिंप सात सेकंदांत भरेल एवढी धार. टीएमसी म्हणजे साठा: शंभर कोटी घनफूट, साधारण २,८३१ कोटी लिटर. क्युसेक नळाचं माप आणि टीएमसी हौदाचं.

दोघांची सांगड घालायला एकच आकडा पुरतो. ११,५७४ क्युसेकची धार पूर्ण चोवीस तास चालली की एक टीएमसी होतं. सोयीसाठी साडेअकरा हजार धरा.

आणि मोठ्या आकड्यांची भीती नीट वाटावी म्हणून आणखी एक. पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचा धरला तर एक लाख क्युसेक म्हणजे दर सेकंदाला २८३ टँकर. वर्गात हे सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “बाई, मग उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर एक टँकर का येत नाही?” त्याचं उत्तर याच लेखात कुठेतरी असायला हवं होतं, पण तो लेख वेगळा आहे.

रांजण आणि परात

तळं वाढायचा नियम सोपा आहे. आलेलं वजा गेलेलं. जेवढं येतं तेवढंच जात असेल तर दोन लाख क्युसेक येऊनही पायरी तिथेच राहते. येणारं जाणाऱ्यापेक्षा जास्त झालं की फरक तळ्यात साठतो आणि तो पसरायला जागा शोधतो.

हिशेब करून बघू. समजा एक लाख क्युसेक येतंय आणि नव्वद हजार जातंय. फरक दहा हजारांचा. समजा पाणी अडीच हजार एकरांवर पसरलं आहे. तर तासाला पातळी चार इंचांनी चढेल. तेच पाणी पाच हजार एकरांवर पसरलेलं असेल तर दोन इंचांनी. फरक तोच, येणं-जाणं तेच, फक्त परात मोठी.

परात म्हटलं ते मुद्दाम. गंगापूर धरण हा रांजण आहे: साडेपाच टीएमसीच्या वर साठा, खोल पोट. दारणा सात टीएमसीच्या आसपास, तोही रांजणच. रांजणात पाणी धरून ठेवता येतं, तोटी हळूहळू सोडता येते. नांदूरमध्यमेश्वर ही परात आहे. शंभर वर्षांपूर्वी ब्रिटिश अमदानीत हा बंधारा बांधला तो पाणी साठवायला नव्हेच. वरच्या धरणातून आलेलं पाणी थोडं अडवून, उंच करून गोदावरीच्या डाव्या-उजव्या कालव्यांत वळवायला. ते पाणी पार कोपरगाव, राहात्यापर्यंत जातं. मग वर्षानुवर्षं गाळ बसत गेला. आज त्याची क्षमता २५७ दशलक्ष घनफूट, म्हणजे पाव टीएमसी धरायला हरकत नाही.

आता मजा बघा. मजा कसली, पण बघा. एक लाख क्युसेकची धार रिकाम्या नांदूरमध्यमेश्वरात सोडली तर तो भरायला किती वेळ लागेल? २५७ दशलक्ष घनफूट भागिले एक लाख. २,५७० सेकंद. पाऊण तासाच्या आत. अडीच लाख क्युसेक असेल तर सतरा मिनिटं.

म्हणजे पुराच्या दिवशी हे धरण नसतंच, तो फक्त नदीचा रुंद झालेला भाग असतो. आधी रिकामं करून ठेवलं असतं तर पूर अडला असता, हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. सतरा मिनिटांचा पूर अडला असता. त्यात चहासुद्धा धड होत नाही.

गंमत अशी की ज्या गाळाने परात उथळ केली त्याच गाळाने तिला नाव मिळवून दिलं. उथळ पाणी, गाळाची बेटं, पाणवनस्पती, म्हणून पक्षी; आणि पक्षी म्हणून २०२०मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. चापडगावच्या बाजूला मनोऱ्यावर उभं राहून दुर्बिणीतून दिसतं ते सगळं सौंदर्य गाळाचं आहे. आमच्या घराला त्रास होतो तोही त्याचाच.

मग दरवाजे का नाही उघडत?

पुरात गावातला सगळ्यात तापलेला प्रश्न हा. चांदोरी, सायखेडा, शिंगवे, करंजगाव अशी जलाशयाच्या वरच्या टोकाची गावं दर मोठ्या पुरात पाण्याखाली जातात आणि लोक बंधाऱ्याकडे बोट दाखवतात. लोक अगदीच चूक नाहीत, पण पूर्ण बरोबरही नाहीत.

तळ्याचं पाणी सपाट असतं अशी आपली समजूत. संथ दिवसात ते खरंही आहे. पण पाणी वाहायला लागलं की त्याला उतार लागतो. उताराशिवाय ते हलणार कसं? पुरात बंधाऱ्याजवळची पातळी कमी असते आणि मागे मागे जावं तशी ती चढत जाते. त्या चढत्या पाठीला आपल्याकडे फुगवटा म्हणतात, आणि शब्द फार नेमका आहे. भाकरी मधून फुगते तसं पाणी भिंतीपासून लांब फुगतं.

हा फुगवटा किती, हे दोन गोष्टींवर ठरतं. एक म्हणजे भिंतीजवळ पाणी किती उंच धरलंय. ते दरवाजे उघडून कमी करता येतं, आणि पूर यायच्या आधी करायलाच हवं. दुसरी म्हणजे मधल्या वाटेत अडथळे किती. इथे दरवाजे काही करू शकत नाहीत. पात्रात गाळ भरलेला, गाळावर बाभळी, काठाने भराव, आणि पाणवेली. उन्हाळ्यात नाशिककडून हिरवा गालिचा सरकत यावा तशा पाणवेली येतात. पुराच्या पहिल्या लोंढ्यात तो गालिचा उचलला जातो आणि सायखेड्याच्या पुलाच्या खांबांत अडकतो. मग पुलाच्या वरच्या अंगाला पाणी चढतं, खालच्या अंगाला नाही. जेसीबीने वेली ओढून काढताना मी बघितलं आहे. एक मोठा गठ्ठा सुटला की पाणी डोळ्यांदेखत उतरतं आणि खालच्या वस्तीवरचे लोक ओरडायला लागतात, कारण ते त्यांच्याकडे निघालेलं असतं.

तेव्हा दरवाजे सगळे उघडे असतानाही वरच्या गावात पाणी चढू शकतं. अडीच लाख क्युसेकला जायला जेवढी वाट लागते तेवढी नसली की ते थांबतं, आणि थांबलेलं पाणी वर चढतं. माझं मत विचाराल तर दरवाज्यांपेक्षा पात्रातल्या गाळावर आणि वेलींवर भांडायला हवं. पण वेलींवर भांडायचं ते मार्च-एप्रिलमध्ये, आणि तेव्हा आपण सगळे कांद्याच्या भावावर भांडत असतो.

वरच्या धरणांचं म्हणणं

वरची धरणं आधीच थोडी रिकामी ठेवता येत नाहीत का? येतात, आणि ठेवतातही. प्रत्येक धरणाची परिचालन सूची असते. कोणत्या तारखेला किती टक्क्यांच्या वर भरायचं नाही, हे त्यात ठरलेलं. जुलैत जागा जास्त मोकळी, सप्टेंबरच्या अखेरीस जवळपास पूर्ण भरलेलं. म्हणूनच जुलैतल्या पावसापेक्षा सप्टेंबरातला पाऊस आम्हाला जास्त धाक घालतो. २००८चा पूर १९ सप्टेंबरचा होता. तोवर पोट भरलेलं असतं. वरून पडेल ते सरळ खाली.

पण धरण रिकामं ठेवणाऱ्याच्या डोक्यावर दुसरी तलवार असते. पाणी सोडलं आणि पुढे पाऊस आलाच नाही तर? नाशिकचं पिण्याचं पाणी, द्राक्षबागा, कालवे, आणि खाली पैठणच्या जायकवाडी धरणाकडे डोळे लावून बसलेला मराठवाडा. पुराचं पाणी आमच्या पायऱ्या बुडवून शेवटी पैठणलाच जातं. तिथल्या शंभर टीएमसीच्या पोटात ते मावतं आणि तिथे त्याचं स्वागत होतं. माझी एक मैत्रीण पैठणला असते. तिचा फोन येतो, “यंदा तुमच्याकडून छान पाणी आलं गं.” मी त्या वेळी गव्हाच्या ओल्या कोठ्या उन्हात घालत असते.

नानांची काठी

आता मूळ मुद्दा, वेळेचा. जून लागला की नाना माळ्यावरून एक काठी काढतात. सहा फुटी, बाभळीची, तिच्यावर विळ्याने पाडलेल्या खाचा. दोन खाचांत चार बोटांचं अंतर. अंगणाच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, दारातून टॉर्चच्या उजेडात दिसेल अशी ती रोवायची. पाणी काठीला लागलं की नाना कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने वेळ लिहायला लागतात. खाच आणि वेळ. बाकी काही नाही.

समजा पहिली खाच बुडायला तीन तास लागले, दुसरी दीड तासात गेली, तिसरी पन्नास मिनिटांत. पाणी अजून पहिल्या पायरीलाही लागलेलं नाही. पण येणं आणि जाणं यांतला फरक वाढत चालला आहे, म्हणजे वरून आणखी मोठं काही येतंय. निघायची तयारी आत्ता. उलट पाणी चौथ्या पायरीवर आहे, पण मागची खाच बुडायला चार तास लागले आणि तिच्या मागची दोन तासांत गेली होती, तर पुराचा माथा जवळ आला आहे, यापुढे पाणी फारसं चढणार नाही. दिसायला दुसरी स्थिती जास्त भयंकर, पण भ्यायचं ते पहिल्या स्थितीला. त्या सकाळी मी नानांना पायरी सांगत होते ती म्हणूनच निरुपयोगी होती. पायरी म्हणजे झालेलं. वेळ म्हणजे होणारं.

यात एक फसवी जागा आहे, आणि तिने माझ्यासारख्या अर्धवट शिकलेल्यांना बरोबर फसवलं आहे. पाणी नदीच्या काठात असतं तोवर भराभर चढतं. मग ते काठ सोडून सपाट रानात पसरतं, आणि खाचा एकदम हळू बुडायला लागतात. वाटतं, उतरला पूर. उतरलेला नसतो. परात मोठी झालेली असते. तेच पाणी दुप्पट जागेत पसरतंय म्हणून चढ निम्मा दिसतोय. सगळं रान भरून पाणी गावठाणाच्या चढाला टेकलं की पसरायला जागा उरत नाही आणि ते पुन्हा वेग घेतं. हे बहुधा रात्री दोनला होतं, कारण दहा वाजता ‘थांबलंय आता’ म्हणून सगळे झोपलेले असतात.

खरंच उतरतंय की पसरतंय, हे ओळखायचं कसं? पाण्याची कड बघायची. नाना काठीबरोबरच रानात आडव्या दिशेने विटेचे तुकडे ठेवतात. काठीवर पाणी स्थिर, पण विटा एकेक करून बुडताहेत, तर पाणी पसरतंय. विटा कोरड्या राहिल्या तर थांबलंय. आणि ओल्या मातीची, काडीकचऱ्याची एक रेघ पाण्याच्या बाहेर सुटलेली दिसली, तर उतरायला लागलंय. वारा असेल तर लाटेने खोटी रेघ उमटते, म्हणून दोनदा बघायचं.

निळी रेघ, लाल रेघ

जमीन घेताना ‘निळ्या पूररेषेच्या बाहेर आहे का’ असं विचारतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशाची. आता ‘पंचवीस वर्षांतून एकदा’ हे ऐकून माणूस काय समजतो? २०१९ला आला, म्हणजे आता २०४४पर्यंत निवांत. हा अर्थ साफ चुकीचा.

मडक्यात पंचवीस चिठ्ठ्या टाका. एकीवर ‘पूर’ लिहा. दर जूनला डोळे मिटून एक उचला, वाचा, आणि परत मडक्यात टाका. परत टाकायची हे महत्त्वाचं. पुढच्या वर्षी मडकं विसरलेलं असतं की गेल्या वर्षी काय निघालं होतं. दर वर्षी शक्यता शंभरात चार. पंचवीस वर्षं हा खेळ खेळलात तर एकदा तरी पूर निघायची शक्यता शंभरात चौसष्ट. लाल रेषेचं मडकं शंभर चिठ्ठ्यांचं. तरीही तीस वर्षं तिथे राहणाऱ्याच्या वाट्याला तो पूर येण्याची शक्यता शंभरात सव्वीस. चारातला एक. नाशिकने २००८, २०१६, २०१९ असे तीन मोठे पूर अकरा वर्षांत पाहिले ते काही मडकं फुटलं म्हणून नव्हे.

शिवाय रेषा आखली तेव्हाचं पात्र आणि आजचं पात्र एक नसतं. गाळ, भराव, नवे पूल. मडक्यात गुपचूप आणखी एक-दोन ‘पूर’च्या चिठ्ठ्या कोणीतरी टाकत असतं.

पाणी दारातून येत नाही

पायऱ्यांकडे डोळे लावून बसलेल्या माणसाला पाणी मागून गाठतं. तळं चढलं की जमिनीखालचं पाणीही चढतं. आमची विहीर पुरात अंगणाच्या आधी काठोकाठ भरते. तीही एक काठीच समजायची. मग शोषखड्डा भरतो, आणि संडासाच्या भांड्यातून गुडगुड आवाज येतो. तो आवाज आला की भांड्यात मातीने भरलेली गोणी कोंबायची, लाजायचं नाही. फरशीच्या सांध्यांतून ओल फुटते. हे सगळं होताना पाणी अजून तिसऱ्या पायरीवरच असतं.

दाराला वाळूच्या गोण्या लावून पाणी अडवायचं, याची एक मर्यादा आहे. तीन फूट रुंदीच्या दारावर दोन फूट पाण्याचा रेटा साधारण १७० किलोचा. चार फूट पाण्याचा ६८० किलोचा. खोली दुप्पट, रेटा चौपट. दोन फुटांपर्यंत अडवणं ठीक. त्यापुढे बाहेरचं पाणी आत घेतलेलं बरं, कारण आत-बाहेर सारखं झालं की भिंतीवरचा रेटा संपतो. भिंत वाचवायला घर भिजू द्यायचं, हे मनाला पटायला मला दोन पावसाळे लागले.

वीज मात्र पाण्याची वाट बघत नाही. मेन स्विच पाणी ओट्याला लागायच्या आधीच बंद, विहिरीच्या मोटरचा स्टार्टरसुद्धा. इन्व्हर्टरची बॅटरी लोक विसरतात. जनावरांची दावी सोडून त्यांना उंचावर न्यायचं. नेणं जमलं नाही तर निदान दावं कापायचं. मोकळी म्हैस पोहते, बांधलेली बुडते. कडब्याच्या गंजीत हात घालायचा नाही, सापांनाही उंच जागा हवी असते आणि ते आपल्या आधी पोचलेले असतात.

ओसरताना

गावातली जुनी घरं पांढरीच्या मातीची. लोकांना वाटतं ती पुरात पडतात. बहुतेक पूर गेल्यावर पडतात. पाणी असतं तोवर भिंतीला बाहेरून त्याचा आधार असतो. पाणी झपाट्याने उतरलं की आधार जातो आणि आत शोषलेलं पाणी मात्र भिंतीतच राहतं. भिजून जड झालेली, मऊ पडलेली भिंत स्वतःच्याच वजनाने बसते. नदीकाठच्या दरडीही अशाच, पूर ओसरल्यावर कोसळतात. त्यामुळे ऊन पडलं, पाणी गेलं, आता घरात झोपायला हरकत नाही, असं मातीच्या घरात करायचं नाही. भिंतीला तडा दिसतोय का, खालचा हातभर भाग फुगलाय का, हे चार-पाच दिवस बघत राहायचं. विहिरीचं पाणी उपसून, टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून, तरीही उकळूनच प्यायचं.

आणि गाळ. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. पाणी पूर्ण उतरू दे, जमीन सुकू दे, मग झाडू, म्हटलं. दोन दिवसांत गाळाची फरशीवर दुसरी फरशी झाली, चार बोटं जाड, आणि ती फावड्याने खरवडताना माझ्या तळहातांची सालपटं निघाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या पुरात पाणी घरात घोट्याएवढं उरलं तेव्हा त्यांनी मला पहाटे चारला उठवलं. माझ्या हातात खराटा दिला, स्वतः दुसरा घेतला. आतल्या खोलीच्या कोपऱ्यापासून गाळ ढवळत, गढूळ पाण्याबरोबर दाराकडे ढकलत, उतरणाऱ्या पाण्याच्या मागे मागे आम्ही दोघी ओट्यापर्यंत आलो. मग पायऱ्या, वरून खाली. सातवी, सहावी, पाचवी. नाना कंदील धरून कॅलेंडरच्या मागे वेळ लिहीत होते.